मेणातली शीळ

माणसाचं खरं तोंड आरशात दिसत नाही, प्लास्टरमध्ये दिसतं, असं बत्तिशीचं ठाम मत होतं. त्याची बहुतेक मतं ठामच असत.

बत्तिशी हे त्याचं बाजारातलं नाव. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तो दातांच्या कवळ्या करायचा. दवाखान्यात डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेत, त्या मापात प्लास्टर ओतलं की जबड्याचा पांढरा ठसा तयार होई, आणि तो ठसा पिशवीत घालून बत्तिशीकडे येई. रुग्ण कधी येत नसे. साठीला टेकलेल्या या माणसानं शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना दात दिले होते, पण रस्त्यात समोरासमोर आले तर तो त्यांना ओळखत नव्हता. तोंड उघडून हसले तरच ओळखायचा.

जागा दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत टेबल, बारीक ज्योतीचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि पातळ पात्याच्या सुऱ्या. मागच्या खोलीत दात घासून चकचकीत करायची मोटर, आणि त्या मोटरच्या आवाजावर मात करील असा दांडगा स्पीकर. भिंतीला फळ्या, फळ्यांवर जबड्यांच्या रांगा. पोस्टमन कधी उंबरा ओलांडत नसे.

"मालक, तुमची मंडळी हसतात हो माझ्याकडे बघून."

"हसू देत की. चावत तर नाहीत ना?"

बत्तिशीच्या हातची कवळी ओळखू येत नाही, अशी ख्याती होती. दुसरे कारागीर दात लावत ते न्हाणीघराच्या फरशीसारखे, एका ओळीत, एका मापाचे. बत्तिशी एखादा दात किंचित वळवायचा, एखाद्याची कड झिजवायचा, खालच्या ओळीत जराशी दाटी करायचा. "देवानं कुणाच्या तोंडात फूटपट्टी धरलेली नाही," तो म्हणे, "मग मी कोण धरणार?" एका निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी तिच्या सख्ख्या बहिणीला चार महिने कळली नव्हती, हा किस्सा त्याच्याकडे चहा प्यायलेल्या प्रत्येकानं ऐकलेला होता.

चहावरून त्याच्या दुसऱ्या ठाम मताकडे येऊ. ते मत एका गाण्याबद्दल होतं.

बत्तिशीच्या तरुणपणी शहरात 'तिसरी पाळी' नावाचा रॉक बँड होता. पाचही जण कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी गोदामात तालीम करायचे. त्यांची गाणी मोजकीच, पण 'सरकता पूल' हे गाणं शहराच्या तोंडी बसलं. "सांग साऱ्या शहराला, सरकतोय पूल" अशी त्याची ओळ. आणि त्या ओळीची खरी गंमत होती गायकाच्या दातांत. पुढच्या दोन दातांत त्याच्या चांगली फट होती. 'स' म्हणताना त्या फटीतून बारीक शीळ निघायची. सांग, साऱ्या, सरकतोय: तीन ठिकाणी तीन शिळा.

या गाण्याची तीन रूपं होती. पहिलं स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं, त्यात शीळ होती पण पुसट, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. दुसरं जुन्या सभागृहातल्या कार्यक्रमाचं, म्हणजे लाईव्ह; त्यात शीळ माईकवर अशी कडाडली होती की प्रत्येक वेळी लोक आरडाओरडा करत होते. तिसरं बऱ्याच वर्षांनी इंटरनेटवर कुणीतरी टाकलेलं रिमिक्स. त्यात ठोका वाढवलेला, आणि शीळ साफ काढून टाकलेली.

दर रविवारी सकाळी बत्तिशीच्या पुढच्या खोलीत या तिन्हींवरून वाद होत. वाद घालणारेही तीनच. बत्तिशी लाईव्हवाला. त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवायचा, तो स्टुडिओवाला. आणि बत्तिशीची मुलगी व्यायामशाळेत ट्रेनर होती, ती रिमिक्सवाली. नियम एकच: जो वादात हरेल त्यानं पुढचा चहा करायचा. कोणीच हरत नसल्यामुळे चहा बहुधा बत्तिशीची बायको करायची. ती घरीच कपडे शिवायची आणि रविवारी सुया-दोरे घेऊन इथंच येऊन बसायची, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे इथं करमणूक फुकट होती.

"हे बघा भावोजी," मेहुणा म्हणायचा, "बाटलीवर कंपनीचं सील असतं. सील फुटायच्या आधी आत जे असतं ते औषध. नंतर कुणी हलवलं, पाणी घातलं, रंग घातला, ते औषध नव्हे. स्टुडिओत जे झालं ते सीलबंद आहे."

"मग ठेव कपाटात आणि लाव कुलूप," बत्तिशी म्हणायचा. "अरे, स्टुडिओत त्याच्यासमोर काय होतं? काच! काचेला गाणं म्हणून दाखवलं. काच काय उठून नाचणार होती? लाईव्ह ऐक. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज हळूहळू लांब जातो. ऐकलंस कधी नीट? पूलच वाहून चाललाय असं वाटतं. ही खरी कला. हे त्याला त्या क्षणी सुचलं."

"बाबा," मुलगी मध्ये पडायची, "मी एकदा माझ्या बॅचला तुमचं लाईव्ह लावलं. अर्ध्या बायका वजनं खाली ठेवून विचारायला लागल्या, कुणाच्या घरी कुकर लागलाय का म्हणून."

"कुकर!" बत्तिशीच्या हातातली सुरी थांबायची. "त्या शिळेवर तुझी आई भाळली होती. त्या कार्यक्रमातच आमची ओळख झाली."

"मी कुठल्या शिळेवर भाळले नाही," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. "माझी परतीची बस चुकली होती, म्हणून थांबले. नाहीतर आज कुठं असते कोण जाणे."

"आणि शेवटी जो 'पुन्हा!' म्हणून आवाज येतो ना," बत्तिशी बोट वर करून सांगायचा, "तो माझा."

"भावोजी, त्या 'पुन्हा'चे मालक या शहरात निदान शंभर तरी आहेत. माझ्या दुकानातच रोज एखादा भेटतो."

असं चाललेलं असताना शहरात बातमी आली की जुन्या सभागृहाची दुरुस्ती पूर्ण झाली आहे, आणि ते उघडताना 'तिसरी पाळी' एकदाच एकत्र येऊन गाणार आहे. गायक आता सत्तरीला आलेला. मध्ये कित्येक वर्षं त्यानं लोखंडी सामानाचं दुकान चालवलं होतं आणि गाण्याचं नाव काढलं नव्हतं. तो येईल की नाही याचीच खात्री नव्हती. बातमीत एवढंच होतं की त्याची तब्येत ठीक आहे, पण तोंडाचा काहीतरी इलाज चालू आहे.

बातमीच्या आधीच, एका कामाच्या दिवशी, त्याला नेहमी कामं देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून बत्तिशीकडे एक ठसा येऊन पडला होता. दात काढायच्या आधी घेतलेला, नुसता आठवणीसाठी. त्याच्यावर नाव नव्हतं, क्रमांक होता. तेव्हा त्यानं तो फळीवर ठेवून दिला होता. बातमी वाचली तशी त्यानं तो खाली काढला, खिडकीपाशी नेला, आणि बराच वेळ बघत राहिला. मग मागच्या खोलीतून लाईव्हच्या कॅसेटचं जुनं वेष्टन आणलं. त्यावर गायकाचा फोटो होता: माईक ओठांशी, तोंड आ वासलेलं.

त्यानं मेहुण्याला फोन लावला. "दुकान बंद कर आणि ये."

"का? कुणाला काही झालं का?"

"झालंय. गायक माझ्या टेबलावर पडलाय."

मेहुणा धावत आला तो ग्लुकोजचा पुडा आणि रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. टेबलावर प्लास्टरचा जबडा पाहून त्यानं पुडा खाली आपटला.

"भावोजी, मला वाटलं..."

"वाटून घेऊ नकोस, बघ. मधली फट खाली रुंद, वर अरुंद. डावा दात उजव्यापेक्षा किंचित पुढे आलेला. आणि डाव्याचा हा कोपरा उडालेला. आता फोटो बघ."

मेहुण्यानं भिंग लावलं. एकदा प्लास्टर, एकदा फोटो. दुकानात डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय असलेला माणूस तो, सहजासहजी हो म्हणणारा नव्हता. पण हळूहळू त्याचं तोंडही फोटोतल्या गायकासारखं उघडत गेलं.

"तोच आहे हो," तो म्हणाला.

"मग काय तर. लोक चेहरे ओळखतात, मी दात ओळखतो."

आता पुढची गोष्ट कवळीची. हिरड्या भरून आल्यावर दुसरं माप आलं, त्याच क्रमांकाचं, आणि सोबत डॉक्टरीणबाईंच्या हातची चिठ्ठी: वरचे-खालचे सगळे दात, समोरचे सरळ, फट ठेवू नये. बत्तिशीनं चिठ्ठी वाचली आणि प्लास्टरच्या वाडग्याखाली ठेवून दिली.

रविवारी त्यानं आपला विचार जाहीर केला. फट ठेवायची. जशी होती तशीच.

"बाबा, चिठ्ठीत नको लिहिलंय ना?" मुलगी म्हणाली.

"मॅडम तरुण आहेत. त्यांना सरळ म्हणजे सुंदर वाटतं. त्या कार्यक्रमाच्या वेळी त्या रांगत असतील. त्यांना काय माहीत, ही फट म्हणजे काय आहे? ती बुजवली तर त्या सभागृहात उभा राहून कोण गाणार? कुणीतरी म्हातारा गाणार. मी त्याला त्याचा आवाज परत देतोय."

मेहुण्यानं मान डोलावली. "फट हवीच. त्यात माझं दुमत नाही. पण भावोजी, केवढी?"

"केवढी म्हणजे?"

"स्टुडिओएवढी ठेवा. बारीक. शीळ आली पाहिजे, पण पुसट."

"अरे, दात तेच होते! स्टुडिओत फट वेगळी आणि कार्यक्रमात वेगळी होती का?"

"मग आवाज वेगळा का?"

"माईकमुळे!"

"मग फटीचं श्रेय कशाला घेता? माईकला द्या."

झालं. गाण्यावरचा वाद आता मेणात उतरला. टेबलावरच्या यंत्रात प्लास्टरचे दोन जबडे समोरासमोर बसवलेले, मेणाच्या गुलाबी कडेत नवे दात रोवलेले, आणि दोन मोठी माणसं पुढच्या दोन दातांवर वाकून भांडत होती. मेहुण्यानं दुकानातून आणलेल्या कागदी पट्टीनं फट मोजून पाहिली. बत्तिशीनं सुरी तापवून फट आणखी रुंद केली. मुलगी म्हणाली, माझं मत विचाराल तर बुजवा, रिमिक्समध्ये कुणाला काही अडलेलं नाही.

 बायको दोरा दातानं तोडून म्हणाली, "गिऱ्हाईक म्हणालं बाही लांब शिवा आणि मी आखूड शिवली, तर ते काय म्हणेल?"

"म्हणेल, वा, हात मोकळे झाले."

"नाही म्हणणार. म्हणेल, कापड परत द्या."

"तुमच्या धंद्यात कापड गिऱ्हाईकाचं असतं," बत्तिशी म्हणाला आणि फट होती तशी ठेवून मेणावर थंड पाणी सोडलं. "इथं जबडा माझ्या टेबलावर आहे."

कवळी पक्की करण्याआधी मेणातले दात रुग्णाच्या तोंडात बसवून बघतात. त्याला ट्रायल म्हणतात. मेणात आहे तोवर दात हलवता येतो. एकदा पक्क्या साच्यात शिजला की संपलं. बत्तिशीनं ट्रायल डब्यात घालून दवाखान्यात पाठवली आणि शीळ घालत मोटरवर बसला.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काका, तुम्ही जरा येऊ शकाल का? आत्ताच."

"का मॅडम? ट्रायल बसली नाही?"

"बसली. अगदी घट्ट बसली. या तुम्ही."

इतक्या वर्षांत बत्तिशीला रुग्णासमोर कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं स्वच्छ सदरा घातला, सुऱ्यांची गुंडाळी काखेत मारली आणि कॅसेटचं वेष्टन खिशात घातलं.

"सही घ्यायला निघालात की बोलणी खायला?" बायकोनं विचारलं.

"सही," तो म्हणाला, आणि त्यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

दवाखान्याच्या खुर्चीत एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. पंजे मोठे, सामान उचलून राठ झालेले. हातातला आरसा त्यानं मांडीवर पालथा घातला होता. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून खिडकीशी उभ्या होत्या.

"हे आमचे कवळीचे कारागीर," त्या म्हणाल्या.

"ही फट कुणाची कल्पना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तुमचीच साहेब. म्हणजे तुमच्याच दातांची. मी आपली नक्कल केली."

"काका, मी लिहून दिलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला सरळ हवे होते," म्हातारा म्हणाला. "सगळ्यांसारखे. साधे, सरळ."

आणि त्या 'सरळ'मध्ये, 'सगळ्यांसारखे'मध्ये, 'साधे'मध्ये ती आली. शीळ. तीच, बारीक, धारदार. बत्तिशीच्या अंगावर काटा आला. तोंडभर हसू पसरलं, आवरेना.

"तुम्ही खूश दिसताय," म्हातारा म्हणाला.

"साहेब, ऐकलंत का? आत्तासुद्धा आली!"

"ऐकली. सत्तर वर्षं ऐकतोय." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. "शाळेत मला किटली म्हणायचे. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी हातानं तोंड झाकून बसलो होतो. घरात 'साखर संपली' म्हटलं की पोरं हसायची. तुमच्यासाठी ते एक गाणं आहे. मला दिवसभर बोलायचं असतं."

बत्तिशी काहीतरी बोलणार होता, पण म्हातारा थांबला नाही. "स्टुडिओत आम्ही माईकवर रुमाल बांधला. मग रुमालावर मोजा घातला. तरी येतच होती. शेवटी ध्वनिमुद्रणवाला कंटाळून म्हणाला, राहू दे. आणि सभागृहात लोक ओरडायला लागले तेव्हा मला वाटलं, हसतायत. शेवटचं कडवं मी माईक लांब धरून म्हटलं. जवळ आणायची हिंमतच झाली नाही."

बत्तिशीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच गोठलं. तो लांब जाणारा आवाज! वाहून चाललेला पूल! किती जणांना त्यानं ती कला समजावून सांगितली होती!

"आणि ते रिमिक्स..." तो चाचरत म्हणाला.

"मीच करवून घेतलं. पुतण्याकडून. म्हटलं, एकदा तरी हे गाणं मला स्वच्छ ऐकायचंय." म्हाताऱ्यानं आरसा बाजूला ठेवला. "मॅडम, असे दात असतील तर मी त्या सभागृहात उभा राहणार नाही. सभागृहवाल्यांना तसं कळवून टाका."

 बत्तिशीनं खिशावरून हात फिरवला. वेष्टन तिथंच होतं. पण तो काही फार वेळ गोंधळून राहणाऱ्यांतला नव्हता. त्यानं टेबलावर सुऱ्यांची गुंडाळी उलगडली.

"साहेब, फटीबाबत मी चुकलो," तो म्हणाला. "दातांबाबत नाही. मेण आहे, पाच-दहा मिनिटांचं काम. काढून द्या. मॅडम, दिवा लावा."

डॉक्टरीणबाईंनी दिवा पेटवला. बत्तिशीनं सुरी ज्योतीवर धरली आणि दुसरा हात पुढे केला. म्हातारा त्या हाताकडे बघत राहिला. वरचे दात काढायला त्यानं बोट तोंडाशी नेलं आणि तसंच थांबवलं.

"तुम्ही होतात का त्या कार्यक्रमाला?"

"होतो. 'पुन्हा' म्हणून ओरडलो ते टेपमध्ये आहे."

"असं सांगणारे मला रस्त्यात नेहमी भेटतात."

"ते खोटं बोलतात."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यानं थंड पाण्याची चूळ भरली, मेण मऊ पडू नये म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तसं आधीच सांगितलं असावं. मग खुर्चीत जरा ताठ होऊन, हात मांडीवर ठेवून, हलक्या आवाजात त्यानं ती ओळ म्हटली. सांग साऱ्या शहराला, सरकतोय पूल. वाद्यं नाहीत, माईक नाही, काच नाही. तीन शिळा, तिन्ही जागच्या जागी. बाहेर कुणीतरी दवाखान्याचं दार ढकललं आणि परत लावून घेतलं.

'पुन्हा' हा शब्द बत्तिशीच्या ओठांपर्यंत आला होता. त्यानं तो गिळला आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.

म्हाताऱ्यानं दात काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

बत्तिशीनं तापलेली सुरी दातांच्या मुळाशी घातली. मेण सुटलं. उजवा दात सरकला, मग डावा. फट बारीक झाली, केसाएवढी झाली, मिटली. त्यानं कड गुळगुळीत केली, पाण्यात बुडवली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा रुग्णाला विचारलं.

"डाव्याचा कोपरा उडालेला ठेवलाय. तो भरू?"

"कोपरा?" म्हाताऱ्यानं बोट नकळत ओठाला लावलं. "तो धाकट्या भावानं चेंडू मारून उडवला होता. तो आता नाही. तेवढा राहू द्या."

"राहिला," बत्तिशी म्हणाला.

दात पुन्हा बसले. म्हाताऱ्यानं ओठ मिटले, उघडले. "साखर संपली," तो म्हणाला. स्वच्छ. कुठं काही नाही. "साखर संपली," तो परत म्हणाला. "सासरे, सरबत, सोमवार." डॉक्टरीणबाई हसायला लागल्या, तसा तोही हसला आणि त्यानं आरसा मागितला.

बत्तिशी घरी आला.

"सही?" बायकोनं विचारलं.

"विसरलो."

"आणि बोलणी?"

"ती मिळाली."

त्या रविवारी त्यानं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. रुमाल, मोजा, लांब धरलेला माईक, पुतण्या. मुलगी तर टेबलावर चढायचीच बाकी होती. "म्हणजे गायक माझ्या पक्षात! मामा, ऐकलंत का? गायक रिमिक्सवाला निघाला!" मेहुण्याचं तोंड एवढं उतरलं होतं की कुणी त्याला रक्तदाबाचं यंत्र लावलं असतं. त्याचं सीलबंद औषध म्हणजे मोज्यातून गाळलेलं निघालं होतं.

"यानं काही सिद्ध होत नाही," बत्तिशी म्हणाला. "कवळी घालणाऱ्याला स्वतःची कवळी दिसते का? समोरच्याला दिसते. दात त्याचे, त्याला हवे तसे दिले. गाणं आम्ही ऐकलं. लाईव्ह ते लाईव्ह."

"आणि ती लांब जाणारी कला?" मेहुण्यानं विचारलं.

"भीतीनं का होईना, सुचली ना त्याला?"

एवढं बोलून तो उठला आणि कुणी काही न म्हणता आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. बायकोनं शिवण खाली ठेवून भावाकडे पाहिलं. भावानं मुलीकडे पाहिलं. 

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चौघंही गेले. सभागृहाला नवा रंग होता, खुर्च्यांना नवं कापड, पण छताचा एक जुना, खाली दबलेला कोपरा तसाच. लोक पांढऱ्या केसांचे आणि त्यांची पोरंबाळं. गायक आला, उंच, वाळलेला. पहिली दोन गाणी झाली. बत्तिशीला ती ऐकूच आली नाहीत. मग गिटारवर ती सुरुवात वाजली आणि सभागृह उभं राहिलं.

"सांग साऱ्या शहराला..."

स्वच्छ. मोकळा, भरदार, वयानं जरा जाड झालेला आवाज, आणि 'स' नुसता 'स'. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत लोक अर्धा क्षण अडखळले, जिन्यात एक पायरी कमी निघावी तसे. बत्तिशीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. कडव्यानंतर ओळ परत आली, आणि या वेळी शीळ वाजली. स्टेजवर नव्हे. सभागृहात. कुणी दातांतून, कुणी ओठांतून, कुणी दोन बोटं तोंडात घालून. इतकी वर्षं ज्यांनी ते गाणं शिळेसकट म्हटलं होतं, त्यांना ते तिच्याशिवाय म्हणताच येत नव्हतं. सांग, साऱ्या, सरकतोय: शेकडो तोंडांतून.

गायक गायचा थांबला.

बत्तिशीला वाटलं, हा आता समजणार, हसतायत. गायकाचा मोठा पंजा वर आला, तोंडाकडे निघाला, जुन्या सवयीनं. हनुवटीपर्यंत पोचला. आणि तिथं, जणू आत्ताच काहीतरी आठवल्यासारखा, थांबला. त्यानं हात खाली घेतला, माईक लोकांकडे वळवला आणि हसला. मोठ्यानं, तोंड उघडून, दिव्यांच्या झोतात.

"बसलेत," बत्तिशी म्हणाला.

"कोण बसलंय? सगळे उभे आहेत," बायको म्हणाली.

"दात."

शेवटचं कडवं गायकानं माईक ओठांना लावून म्हटलं. आवाज कुठंही लांब गेला नाही.

पुढच्या रविवारी मुलीनं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग बत्तिशीच्या दांडग्या स्पीकरवर लागलं. आता रूपं चार झाली होती आणि जुनी भांडणं अपुरी पडली. मेहुण्याचं म्हणणं, शीळ लोकांची असेल तर ते गाणं गायकाचं धरायचं की लोकांचं? मुलीचं म्हणणं, बँडनं स्वच्छ वाजवलं, तेव्हा हे मुळात रिमिक्सच, फक्त माणसांनी केलेलं. बत्तिशीला हे रूप लाईव्हपेक्षा सरस वाटत होतं, पण तसं म्हणायला तो अजून तयार नव्हता. त्यानं फक्त ती जागा पुन्हा लावायला सांगितली.

"थांब, थांब," मेहुणा म्हणाला. "मागे घे. हे काय? सगळ्यांच्या आधी एक शीळ येते बघ. एकटीच. कोण हा उतावळा?"

मुलीनं मागे घेतलं. खरंच. सभागृह शीळ घालण्याच्या निमिषभर आधी, फोनच्या अगदी जवळ, एक बारीक, कापरी शीळ.

बायकोनं सुईवरची नजर न काढता सांगितलं, "माझ्या डाव्या कानात अजून दडा बसलाय."

तिघं बत्तिशीकडे बघायला लागले. तो मेणाच्या सुरीचं पातं फडक्यानं पुसत होता.

"मी बरोबर वेळेवर होतो," तो म्हणाला. "सभागृह उशिरा आलं."